एक नाव, दोन सरदार. एक सरदार, दोन नावे

मार्च १८६३ मध्ये वॉशिंग्टनच्या व्हाइट हाउसमधील काचघरात एक छायाचित्र काढण्यात आले. अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातून आलेले आदिवासी प्रतिनिधी त्या सुमारास अध्यक्ष अब्राहम लिंकन यांना भेटले होते. छायाचित्रात पुढे चौघे जण बसलेले दिसतात : वॉर बॉनेट, स्टँडिंग इन द वॉटर, लीन बेअर आणि यलो वुल्फ. पुढच्या वीस महिन्यांत या चौघांपैकी एकही हयात राहिला नाही. यलो वुल्फ यांना वॉशिंग्टनमध्येच न्यूमोनियाने गाठले. लीन बेअर १६ मे १८६४ रोजी कॅन्ससमध्ये सैनिकांच्या गोळ्यांना बळी पडले. वॉशिंग्टनभेटीत मिळालेले पदक तेव्हा त्यांच्या छातीवर होते. उरलेले दोघे २९ नोव्हेंबर १८६४ रोजी कोलोरॅडोतील सँड क्रीकच्या हत्याकांडात मारले गेले.

आता सँड क्रीकच्या मृतांची यादी पाहावी, तर तिच्यातही यलो वुल्फ हे नाव आहे. दीड वर्षापूर्वी राजधानीत वारलेला माणूस कोलोरॅडोत पुन्हा कसा मरतो? उलगडा असा की, छायाचित्रातील यलो वुल्फ हे कायोवा जमातीचे, तर सँड क्रीकचे यलो वुल्फ हे शायेन जमातीच्या हेअरी रोप गटाचे वयोवृद्ध प्रमुख होते. म्हशींसारखे ते रानबैल, म्हणजे बायसन, संपत चालले आहेत, तेव्हा आमच्या लोकांना शेती शिकवा, असे या दुसऱ्या यलो वुल्फ यांनी १८४६ मध्येच लेफ्टनंट एबर्ट या लष्करी अधिकाऱ्याला सांगितले होते. दोन जमाती, दोन माणसे, नाव एकच. त्यातही ते नाव त्यांचे नव्हेच. दुभाष्याने केलेले ते इंग्रजी भाषांतर. (आपल्याकडे 'रेड इंडियन' हा शब्द अजून सर्रास वापरला जातो. तो त्या लोकांना रुचत नाही, म्हणून येथे जमातीचेच नाव घेतले आहे.)

शायेन सरदारांच्या इतिहासात पाऊल टाकणाऱ्याला पहिली ठेच लागते ती ही. शायेन माणसाचे नाव जन्मभर एकच राहत नसे. बालपणी एक नाव असे. मुलगा मोहिमेवर जाऊन काही कर्तृत्व गाजवून परतला की घरातील वडीलधारा, बहुधा काका किंवा आजोबा, आपले नाव त्याला बहाल करी आणि स्वतःसाठी दुसरे घेई. वुडन लेग या योद्ध्याने उतारवयात सांगितलेल्या आठवणी १९३१ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. त्याचे हे नाव न थकता चालणाऱ्या एका नातलगाकडून त्याच्याकडे आले होते. पाय लाकडाचे असल्यासारखे न दमणारे, असा त्याचा भाव. इंग्रजी वाचकाला मात्र लाकडी पाय लावलेला माणूसच डोळ्यांपुढे येतो.

याच रीतीमुळे टू मून्स हे नाव १८६६ च्या लष्करी नोंदींत आढळते आणि १८७६ च्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईतही आढळते. पहिले टू मून्स हे काका, तर दुसरे, १९१७ मध्ये निधन पावलेले, हे त्यांचे पुतणे, असे मानले जाते. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल आपल्याकडेही आहे. परंतु बाजीराव बल्लाळ आणि बाजीराव रघुनाथ यांना वेगळे करायला वडिलांचे नाव हाताशी असते. शायेन नावाला ती शेपटी नव्हती. शिवाय या धाकट्या टू मून्स यांचे वडील जन्माने शायेन नव्हतेच. अरिकारा जमातीतून पकडून आणलेले आणि शायेनांत लग्न करून मिसळून गेलेले ते गृहस्थ होते. 'शुद्ध वंश' शोधायला निघालेल्यांचा येथे हिरमोड होतो.

उलट बाजूने एकाच माणसाची दोन नावेही असत. उत्तर शायेनांचे विख्यात सरदार डल नाइफ यांना त्यांची माणसे मॉर्निंग स्टार, म्हणजे पहाटेचा तारा, या अर्थाच्या नावाने ओळखत. 'बोथट सुरी' हे त्यांना शेजारच्या लकोटा लोकांनी दिलेले नाव. १८६८ च्या फोर्ट लॅरमी करारावर तेच लकोटा रूपात उतरले आणि इतिहासात कायम झाले. त्यांचे सहकारी लिटल वुल्फ यांच्या मूळ नावाचा अर्थ 'लहान कोल्हा' या अर्थाच्या अधिक जवळ जातो. कायोटी आणि लांडगा या दोघांना शायेन भाषेत स्वतंत्र शब्द आहेत, पण दुभाष्याला लांडगाच अधिक शोभून दिसला असावा. लीन बेअर यांना काही ग्रंथांत स्टार्व्हिंग बेअर म्हटले आहे. हडकुळे अस्वल आणि उपाशी अस्वल ही एकाच शब्दाची दोन भाषांतरे. ती दोन माणसे समजून बसले, की वंशावळीत एक काल्पनिक भाऊ जन्माला येतो.

दुसरा गोंधळ 'सरदार' या शब्दाचा आहे. शायेन जमातीचा कारभार ४४ जणांच्या सभेकडे असे. सदस्याची मुदत दहा वर्षांची असे, आणि बापाच्या जागी मुलगा हा हक्क नव्हता. शांतता राखणे, भांडणे मिटवणे, विधवा व अनाथांना सांभाळणे ही या सरदारांची कामे. लढाईचे नेतृत्व योद्ध्यांच्या संघांकडे होते. संघाचा म्होरक्या सभेवर निवडला गेला तर त्याने संघाचे पद सोडावे असा दंडक होता, लिटल वुल्फ हे त्याला ठळक अपवाद. ही विभागणी न कळल्याने अमेरिकी अधिकाऱ्यांनी जो समोर ठळकपणे दिसेल त्याला 'चीफ' ठरवले. रोमन नोज हे याचे उत्तम उदाहरण होय. वर्तमानपत्रांनी त्यांना शायेनांचा सर्वोच्च सरदार करून टाकले. वस्तुतः १७ सप्टेंबर १८६८ रोजी बीचर आयलंडच्या लढाईत पडलेले हे योद्धे कधीच सरदार नव्हते. ओक्लाहोमात वाटोंगाजवळ जे रोमन नोज उद्यान आहे, ते त्यांच्या नावाचे नव्हे. ते आहे हेन्री रोमन नोज यांच्या नावाचे. फ्लोरिडातील तुरुंगवास आणि कार्लाइलची निवासी शाळा पाहून आलेले हे दुसरे गृहस्थ पुढे खरोखर सरदार झाले.

नावाचा गुंता सुटला तरी नात्यांचा उरतोच, आणि येथे मराठी वाचकाला इंग्रज वाचकापेक्षा चार गोष्टी लवकर उमगतील. शायेन भाषेत वडिलांचा भाऊ हा वडीलच आणि आईची बहीण ही आईच. मामा आणि आत्या यांना मात्र वेगळे शब्द. चुलत, मावस, आते, मामे ही सगळी भावंडे नुसती भाऊ-बहीण. पुरुषाच्या दृष्टीने भावाची मुले ती स्वतःची मुले आणि बहिणीची मुले ती भाचरे. आजी-आजोबांची भावंडेही आजी-आजोबाच. त्यामुळे एखाद्या वृद्धाने 'अमुक सरदार माझे वडील' असे सांगितले आणि दुभाष्याने ते तसेच लिहिले, तर तो जन्मदाता की काका, हे त्या कागदावरून कळत नाही.

जॉर्ज बेंट यांचे घर या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्यांचे वडील विल्यम बेंट हे गोरे व्यापारी. आई आउल वूमन ही शायेनांच्या पवित्र बाणांचे रक्षक व्हाइट थंडर यांची मुलगी. वडिलांनी तिची बहीण यलो वूमन हिच्याशीही संसार केला. चार्ल्स हा तिचा मुलगा. इंग्रजी हिशेबाने जॉर्ज आणि चार्ल्स एकाच वेळी सावत्र भाऊ आणि मावसभाऊ. शायेन हिशेबाने फक्त भाऊ. सँड क्रीकच्या सकाळी हे दोघे छावणीत होते, तर त्यांचा थोरला भाऊ रॉबर्ट याला सैन्याने वाटाड्या म्हणून बळजबरीने आणले होते. जॉर्ज यांच्या कमरेत गोळी लागली, पण ते वाचले. १८६६ मध्ये त्यांनी मॅगपाय हिच्याशी लग्न केले. ही सरदार ब्लॅक केटल यांची कोण? काही पुस्तके तिला त्यांची 'नीस' म्हणतात, काही सावत्र मुलगी. मराठीत लिहिणाऱ्याची तर पंचाईतच होते, कारण 'नीस' म्हणजे पुतणी की भाची हे ठरवल्याशिवाय वाक्य पुढे सरकत नाही. शायेन भाषेतही तो फरक आहे. तो हरवला इंग्रजीत. जॉर्ज बेंट यांनी १९१८ मधील मृत्यूपर्यंत अभ्यासकांना लिहिलेली पत्रे आज शायेन कुलवृत्तांताचा मोठा आधार आहेत. पण तीही इंग्रजीतच आहेत.

त्यात भर म्हणजे लग्नानंतर नवरा बहुधा बायकोच्या माणसांत राहायला जाई. म्हणून सरदार ज्या गटाचे प्रमुख म्हणून नोंदले गेले तो गट त्यांचा जन्माचा असेलच असे नाही. गट टिकवून धरणारे धागे माय-लेकींचे आणि बहिणी-बहिणींचे होते. करारांच्या कागदांवर मात्र बायकांची नावेच नाहीत. वंशावळ जुळवताना खरी पोकळी पडते ती इथे.

मग आधार कशाचा घ्यायचा? योद्ध्यांनी हिशेबाच्या वह्यांत काढलेली चित्रे हा एक. माणसाच्या डोक्यावर छोटे चित्र काढून रेषेने ते त्याला जोडलेले असते, तेच त्याचे नाव. ११ जुलै १८६९ रोजी समिट स्प्रिंग्ज येथे टॉल बुल यांच्या छावणीवर हल्ला झाला, तेव्हा हाती लागलेली अशी वही कोलोरॅडोत जतन केलेली आहे. येथे दुभाषी मध्ये येत नाही, हा तिचा मोठा गुण. दुसरा आधार सरकारी शिरगणतीचा. १८८४ च्या कायद्यानंतर राखीव प्रदेशांवरील अधिकारी दरवर्षी कुटुंबवार याद्या पाठवू लागले. त्यांत शायेन नाव, इंग्रजी नाव, वय आणि कुटुंबप्रमुखाशी नाते हे रकाने असत. एकाच घराच्या ओळीने दहा-पंधरा वर्षांच्या याद्या शेजारी ठेवल्या, की नाव बदलले तरी वय आणि बायको-मुले यांवरून माणूस ओळखू येतो. काम कंटाळवाणे आहे, पण दुसरा खात्रीचा मार्ग नाही.

हा केवळ हौशी अभ्यासकांचा छंद नव्हे. ९ जानेवारी १८७९ रोजी नेब्रास्कातील फोर्ट रॉबिन्सनमधून डल नाइफ यांची माणसे निसटली, तेव्हा मारल्या गेलेल्यांपैकी काहींचे अवशेष लष्कराने संग्रहालयात पाठवले होते. ते १९९३ मध्ये परत आले आणि माँटानातील बझ्बी येथे त्यांचे दफन झाले. अशा अवशेषांवर दावा सांगताना १९९० चा कायदा थेट वंशजाचा हक्क आधी मानतो.

भरपाईचा प्रश्न याहून जुना आहे. १४ ऑक्टोबर १८६५ च्या लिटल आर्कन्सॉ करारात सरकारने सँड क्रीकची जबाबदारी पत्करली. ब्लॅक केटल आणि आणखी तीन सरदारांना प्रत्येकी ३२० एकर, आणि त्या दिवशी विधवा किंवा पोरके झालेल्यांना प्रत्येकी १६० एकर जमीन देण्याचे त्यात लिहिले होते. ब्लॅक केटल स्वतः २७ नोव्हेंबर १८६८ रोजी वॉशिटा नदीकाठी पत्नीसह मारले गेले. वचन पाळले गेलेच नाही, असे सांगत काही वंशजांनी २०१३ मध्ये डेन्व्हरच्या संघीय न्यायालयात दावा लावला. सरकारवर त्याच्या संमतीशिवाय असा दावा चालत नाही, या मुद्द्यावर तो निकाली निघाला आणि २०१५ मध्ये अपिलातही तोच निर्णय कायम राहिला. कोण कोणाचा वारस, या प्रश्नापर्यंत न्यायालयाला जावेच लागले नाही.