तेंदूपानाच्या दिवसांत कोंबड्या सांभाळा

मे महिन्यात आम्ही मुलचेऱ्याकडच्या बाया पहाटेच तेंदूपाने तोडायला जातो. मागच्या हंगामात दुपारी परतलो, तर पत्र्याच्या खुराड्यात कोंडलेल्या तीन कोंबड्या मेलेल्या. पोरांच्या वह्यांचे पैसे गेले. भांड्यात पाणी होते, पण तापलेले.

कोंबडीला घाम येत नाही. मुख्यतः चोच उघडून, धापा टाकून ती अंग थंड करते; त्यात अंगातले पाणी जाते. म्हणून आता खुराडा झाडाखाली हलवला, पत्र्यावर गवत टाकले. पाणी मातीच्या भांड्यात ठेवतो. घरची म्हातारी ते दुपारपर्यंत दोनदा बदलते. दाणे पचताना अंग तापते, म्हणून दाणा पहाटे आणि सांजेलाच. कोंबडी धापू लागली तर सावलीत न्या, पाय भिजवा. चोचीत पाणी ओतू नका, ठसका लागतो.