घरच्या गॅरेजमध्ये स्पोर्ट्स कार: किट विकणारा नेमकं काय विकतो?



इचलकरंजीच्या बॅचमध्ये जेवणाच्या सुट्टीत एक मुलगा मोबाईल घेऊन जवळ आला. वडिलांचं फॅब्रिकेशनचं शेड आहे. गेट, ग्रिल, जिने अशी कामं करतात. म्हणाला, "सर, हे बघा. इंग्लंडमध्ये एका माणसाने घरच्या गॅरेजमध्ये स्पोर्ट्स कार जोडली. खोक्यांत पार्ट आले आणि त्याने पान्याने बसवले. सर, वेल्डिंग तर आमचं रोजचंच. चौकोनी पाइपची चासी मी करतो, जुन्या गाडीचं इंजिन घालतो. अशा गाड्या करून विकल्या तर?"

हिशोब लिहूनच आणला होता. पहिल्या गाडीला चार लाख. त्यातले अडीच लाख आईच्या दागिन्यांवर गोल्ड लोन काढून.

आता "वेडा आहेस का" म्हणणं सोपं होतं. पण व्हिडिओ खोटा नव्हता आणि पोराचा हातही चांगला आहे. म्हणून म्हटलं, आधी हा धंदा जिथे जन्मला तिथे काय झालं ते बघू. तेच आज तुम्हालाही सांगतो.

पडून राहिलेल्या मालातून सुरुवात

त्या व्हिडिओतली गाडी म्हणजे कॅटरहॅम सेव्हन. तिचा मूळ बाप लोटस सेव्हन आणि त्यामागचा माणूस कॉलिन चॅपमन. लंडनमध्ये इंजिनिअरिंग शिकताना चॅपमन जुन्या गाड्या घ्यायचा-विकायचा. १९४७ मध्ये तिथल्या सरकारने खासगी गाड्यांचं पेट्रोल रेशन बंद केलं आणि जुन्या गाड्यांचा बाजार बसला. माल तोट्यात काढावा लागला आणि एक जुनी ऑस्टिन सेव्हन तेवढी पडून राहिली. मैत्रिणीच्या घरामागच्या गॅरेजमध्ये त्याने त्याच गाडीचं सगळं उतरवलं आणि शर्यतीची गाडी बांधली. १९४८ साली ती तयार झाली. ही पहिली लोटस. पुढे १९५२ मध्ये कंपनी काढली तेव्हा त्याच मैत्रिणीने, हेझलने, २५ पौंड उसने दिले. नंतर दोघांचं लग्न झालं. (उसने पैसे परत मिळाले का, हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो!)

कंपनीचं पहिलं विकाऊ मॉडेल म्हणजे मार्क सिक्स. आणि ते किट म्हणून विकलं. पाइपची चासी आणि बॉडीचे पत्रे लोटसकडून. इंजिन, गिअरबॉक्स असे बरेचसे भाग ग्राहकाने बाजारातून, बहुतेक वेळा जुन्या फोर्डमधून आणायचे.

इथे जरा थांबा. लहान कारखान्यात सर्वांत जास्त पैसा कशात अडकतो? महागड्या विकतच्या भागात. गाडीत ते इंजिन. ते ग्राहकच आणणार म्हटल्यावर चॅपमनचं वर्किंग कॅपिटल मोकळं राहिलं. नवख्या कंपनीला एवढी उसंत मिळाली तरी पुष्कळ.

आकडे बघा

१९५७ मध्ये लोटस सेव्हन आली. पुढच्या वर्षी 'द मोटर' या ब्रिटिश नियतकालिकाने तिची चाचणी घेतली. तयार गाडीची किंमत १,१५७ पौंड आणि त्यात कर ३८६ पौंड. तीच गाडी सुट्या भागांत घेतली तर लोटसचं सामान ३९९, फोर्डचं इंजिन-गिअरबॉक्स १०० आणि मागचा ॲक्सल साडेसत्तावीस पौंड. एकूण साधारण ५२६.

म्हणजे ग्राहकाचे सुमारे ६३० पौंड वाचले. वाटतं की हे सगळं त्याच्या मेहनतीचं फळ. पण त्यातले ३८६ हा निव्वळ कर होता. तिकडे तेव्हा तयार गाडीवर 'परचेस टॅक्स' लागायचा, सुट्या भागांवर नाही. दहा रुपये वाचले असतील तर त्यातले सहा करातले, आणि जुळणीची मजुरी, कंपनीचं मार्जिन हे सगळं मिळून उरलेले चार.

याचा एक गमतीदार किस्सा सांगतात. करमाफी हवी तर किटसोबत जोडणीच्या सूचना द्यायच्या नाहीत, असा नियम होता. मग चॅपमनने गाडी खोलायची कशी, याच्या सूचना दिल्या. ग्राहकाने त्या शेवटच्या ओळीपासून वर वाचत जायचं!

आपल्याकडे मात्र ही पळवाट धरून बसू नका. "सुटे पार्ट म्हणून बिल करू, जीएसटी कमी बसेल," असं सांगणारे भेटतात. जीएसटीत वस्तूचं वर्गीकरण करताना पूर्ण वस्तू फक्त सुटी करून एकत्र दिली असेल तर ती पूर्ण वस्तूच धरतात. बिल करण्याआधी तुमच्या सीएला विचारा, नोटीस आल्यावर नको.

तर १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये व्हॅट आला आणि किटचा तो मोठा कर-फायदा गेला. लोटसलाही तोवर महागड्या, तयार गाड्यांकडे जायचं होतं. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क कॅटरहॅम कार्स या लोटसच्या डीलरने घेतले. हिशोबाने हा धंदा तिथेच संपायला हवा होता. पण पन्नास वर्षं उलटून गेली, कॅटरहॅम अजून किट विकते. कर वाचत नाही आणि मजुरी वाचते ती थोडीच. मग लोक खोकी का घेतात?

खोक्यात काय असतं

कॅटरहॅमचं किट घरी येतं तेव्हा चासी वेल्ड होऊन, रंगून आलेली असते. ॲल्युमिनियमचे पत्रे बसवलेले असतात. ब्रेकचे पाइप आणि बरंचसं वायरिंगही झालेलं असतं. बाकीची खोकी: सस्पेन्शन, स्टीअरिंग, रेडिएटर, दिवे, सीट, चाकं. इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना जोडून भाड्याच्या क्रेनने चासीत उतरवायचे, आणि तिथे जागा इतकी कमी की दोन माणसं लागतात, एक क्रेनवर आणि एक हाताने वळवायला. मग टॉर्क रेंचने नट आवळणं, ब्रेकमधली हवा काढणं, ऑइल भरणं. नेहमीचे पाने-स्क्रूड्रायव्हर असलेल्या माणसाला साधारण ८० ते १०० तास. म्हणजे सुट्टीच्या दिवशीचं काम धरलं तर काही महिने.

आता नीट बघा, ग्राहकाकडे कोणतं काम सोडलंय. वेल्डिंग नाही सोडलं. जिथे एक मिलिमीटर चुकला की चाक वाकडं चालतं, असं काहीच सोडलेलं नाही. सोडलंय ते बोल्टचं काम. चुकलं तर उघडता येतं, परत बसवता येतं, आणि झालं की माणूस शेजाऱ्याला बोलावून दाखवतो. कंपनीने कामाची वाटणी अशी केली आहे की जीव जाण्यासारखं सगळं स्वतःकडे आणि अभिमान वाटण्यासारखं सगळं ग्राहकाकडे.

माझ्या मते किटचा अख्खा धंदा या वाटणीत आहे. बरेच जण किट म्हणजे 'अर्धवट माल स्वस्तात' समजतात. तसं किट काढलं की फोन सुरू होतात: हे भोक जुळत नाही, तो बोल्ट आखूड आहे. तयार माल विकताना तुमच्या शेडमध्ये एखादं भोक दोन मिलिमीटर सरकलं तर तुमचा माणूस कानस मारून बसवतो आणि कुणाला कळत नाही. किटमध्ये ती चूक ग्राहकाच्या दारात जाते. म्हणून किट करणाऱ्याची जिग तयार माल करणाऱ्यापेक्षा चांगली लागते.

याच्या उलटं उदाहरणही आहे. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन या इंग्लिश शिक्षकाचं एक पुस्तक आलं. अवघ्या २५० पौंडात स्वतःची स्पोर्ट्स कार बांधा, असं शीर्षकातच होतं. सेव्हनसारखीच गाडी, पण चासी स्वतः पाइप कापून वेल्ड करायची आणि जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे भाग वापरायचे. पुस्तक गाजलं, तशा गाड्यांना 'लोकॉस्ट' हे नावही पडलं. पण त्या २५० मध्ये माणसाच्या वेळेची किंमत शून्य धरलेली आहे. हौसेला ते चालतं. धंद्यात तुमचा स्वतःचा तास शून्य रुपयांचा धरलात की कॉस्टिंग तिथेच खोटं झालं. त्या मुलाच्या चार लाखांत त्याची आणि वडिलांची मजुरी कुठेच नव्हती. मी विचारलं तर म्हणाला, "घरचंच आहे की, सर."

आणि या सगळ्यात सर्वांत हुशार धंदा कुणी केला सांगू? जॉन हेन्स नावाच्या शाळकरी पोराने. त्यानेही ऑस्टिन सेव्हनची स्पोर्ट्स कार केली होती. पण १९५६ मध्ये ती गाडी कशी बांधायची याची पुस्तिका त्याने काढली. २५० प्रती छापल्या, दहा दिवसांत संपल्या. पुढे गाड्या दुरुस्त करायची 'हेन्स मॅन्युअल्स' जगभर गेली, ती याच माणसाची.

आता आपल्याकडे

ब्रिटनमध्ये घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणायला एक ठरलेली वाट आहे. एका गाडीची वैयक्तिक तपासणी होते: ब्रेक, दिवे, आरसे, धूर, आवाज, कुठे धारदार कडा आहे का. मात्र त्यातल्या हौशी गटात गाडी स्वतःच्या वापरासाठी बांधलेली हवी, धंदा म्हणून नाही. म्हणूनच तिथली कंपनी किट विकते आणि जोडणारा ग्राहक असतो.

आपल्याकडे हौशी माणसाच्या एका गाडीसाठी अशी सोपी वाट नाही. गाडी बनवून विकायची तर केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे आधी प्रोटोटाइप पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्य संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. तो खर्च हजारो गाड्यांवर वाटला तर परवडतो, चार गाड्यांवर नाही.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. तिथल्या एका फॅब्रिकेशनवाल्या कारागिराने भंगारातून, सुमारे साठ हजारांत, किक मारून सुरू होणारी छोटी जीप केली. २०२१ च्या डिसेंबरात आनंद महिंद्रांनी त्याचं जाहीर कौतुक केलं. पण त्याच वेळी हेही लिहिलं की गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या ती थांबवतील. बदल्यात बोलेरो देऊ केली आणि दिलीही. कारागिराच्या कसबाबद्दल कुणाला शंका नव्हती, तरी गाडी रस्त्यासाठी नव्हतीच. आणि प्रत्येकाला बोलेरो द्यायला कोणी येत नाही.

हे सगळं त्या पोराला सांगितलं. तोंड पडलं त्याचं. मग विचारलं, "तुझ्या शेडमध्ये असं काय बनतं, जे पोचवायचं भाडं तुला टोचतं?"

लगेच म्हणाला, "चहा-वडापावचे गाडे, सर. छोट्या हत्तीत एकच बसतो. कराड, मिरजेच्या पलीकडची ऑर्डर मी घेतच नाही."

म्हटलं, तर तुझं किट हे. चाकाचा सांगाडा आणि शेगडीची चौकट तू वेल्ड करून द्यायची, कारण तिथे गॅस आणि वजन आहे. छप्पर, बाजूचे पत्रे, काउंटर, बोर्ड हे बोल्टवर. आडवं रचून एका टेम्पोत किती बसतात ते मोज. आणि एकही किट विकायच्या आधी एक काम कर. सगळे भाग, मोजून नट-बोल्ट आणि एक पानी चित्र तुझ्या मावशीच्या मुलाला दे, जो कधी शेडमध्ये आलेला नाही. समोर बस. तोंड उघडायचं नाही, हात लावायचा नाही. तो जिथे जिथे थांबेल तिथे वहीत खूण कर. प्रत्येक खूण म्हणजे पुढे येणारा एक फोन.

पंधरा दिवसांनी त्याचा व्हॉट्सॲप आला. मावसभावाला साडेसहा तास लागले, वहीत एकोणीस खुणा. छपराचे डावे-उजवे खांब सारखेच दिसतात म्हणून दोनदा उलटे बसले. चार बोल्ट कमी पडले, नऊ उरले. खाली लिहिलं होतं: "सर, आता उजव्या खांबाला एक भोक जास्त मारतोय, म्हणजे उलटा बसणारच नाही. गोल्ड लोन काढलं नाही. आई तुम्हाला जेवायला बोलावतेय."

जेवायला जाणार आहे. तोवर तुम्ही तुमच्या मालातला एक नग निवडा आणि दोन रकाने करा: माझ्या शेडमध्येच व्हायला हवं ते एकीकडे, ग्राहक आनंदाने करेल ते दुसरीकडे. पुढच्या व्हिडिओत या गाड्याचं कॉस्टिंग मजुरी धरून मांडून दाखवतो. वही-पेन घेऊन बसा.