चिमूटभर मिठाची खतावणी

सोडियमच्या अणूने एक इलेक्ट्रॉन गमावला की तो 'धन आयन' होतो आणि तो इलेक्ट्रॉन घेणारा क्लोरीन 'ऋण आयन' होतो. शाळेत हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला साफ उलटं वाटलं होतं. ज्याच्या हातून गेलं तो धन कसा? उलगडा झाला तो लक्ष्मीपूजनाला चौरंगावर मांडलेल्या वहीमुळे. उसने देणाऱ्याचं येणं वाढतं, घेणाऱ्याच्या डोक्यावर ऋण चढतं. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली 'ब्राह्मस्फुटसिद्धान्ता'त अधिक-उणे संख्यांचे नियम सांगितले, तेही धन आणि ऋण याच शब्दांत. विजेच्या बाबतीत मात्र हा जमून आलेला योगायोग आहे. अधिक-उणे ही नावं बेंजामिन फ्रँकलिनने अठराव्या शतकात ठरवली. इलेक्ट्रॉन सापडला १८९७ मध्ये, आणि तो निघाला उणे.

सोडियमकडे ११ इलेक्ट्रॉन असतात, २, ८, १ असे मांडलेले. क्लोरीनकडे १७, म्हणजे २, ८, ७. सोडियमचा शेवटचा एक क्लोरीनकडे गेला की दोघांची बाहेरची कक्षा आठांची होते. सोडियमकडे ११ प्रोटॉन आणि १० इलेक्ट्रॉन उरतात, म्हणून अधिक एक. क्लोरीनकडे १७ प्रोटॉन आणि १८ इलेक्ट्रॉन, म्हणून उणे एक.

इथे शिकवताना हमखास सांगतात, की सोडियमला इलेक्ट्रॉन द्यायचाच असतो. मला हे पटत नाही, कारण आकडे वेगळंच बोलतात. वायुरूपातल्या सुट्या सोडियमचा इलेक्ट्रॉन ओढून काढायला मोलमागे ४९६ किलोज्यूल ऊर्जा लागते, आणि क्लोरीनने तो घेतल्यावर परत मिळतात जेमतेम ३४९. म्हणजे व्यवहार १४७ने तोट्यात! नुसत्या देवघेवीवर मीठ कधीच झालं नसतं. तोटा भरून निघतो तो नंतर, विरुद्ध प्रभारांचे हे आयन एकमेकांना खेचून रांगा लावतात तेव्हा. त्या रचनेत मोलमागे सुमारे ७८७ किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. नफा आहे तो या शेजारात.

आणि शेजार म्हणजे जोडी नव्हे. प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोराइड, प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम. कोण कोणाचा, हे सांगताच येत नाही. लॉरेन्स ब्रॅग यांनी १९१३ मध्ये क्ष-किरणांनी हे दाखवलं. रसायनशास्त्रज्ञ हेन्री आर्मस्ट्राँग यांना ते इतकं झोंबलं, की १९२७ मध्ये, वयाच्या ऐंशीच्या घरात, त्यांनी 'नेचर'मध्ये पत्र लिहून या बुद्धिबळाच्या पटासारख्या मिठावर तोंडसुख घेतलं. पट मात्र खराच होता. खडे मीठ वितळायला ८०१ अंश सेल्सिअस लागतात ते याच घट्ट पकडीमुळे. खलबत्त्यात ते चेपत नाही, फुटतं. घाव बसला की थर किंचित सरकतो, धनासमोर धन येतं आणि खडा दुभंगतो.

सूत्र लिहिताना नियम एकच: येणं-देणं शून्यावर आलं पाहिजे. विड्याच्या चुन्यात कॅल्शियम अधिक दोन, हायड्रॉक्साइड उणे एक. म्हणून एकाला दोन. जरा अवघड हिशेब हवा असेल तर न्हाव्याकडची तुरटी घ्या. पोटॅशियम अधिक एक आणि ॲल्युमिनियम अधिक तीन, मिळून चार. सल्फेट उणे दोनचं, म्हणून ते दोन. शिवाय पाण्याचे बारा रेणू, पण त्यांच्यावर प्रभार नसल्याने ते हिशेबात येत नाहीत.

पावसाळ्यात हंड्यातल्या गढूळ पाण्यात हीच तुरटी फिरवत. मातीचे बारीक कण ऋणभारित असतात, एकमेकांना दूर लोटत तरंगत राहतात. ॲल्युमिनियमचा तिहेरी धनभार त्यांचं ऋण फेडतो, शिवाय त्याचं हायड्रॉक्साइड कापसाच्या पुंजक्यांसारखं होऊन कणांना गोळा करत तळाशी जातं. मिठानेही माती बसते, पण सोडियमचा धनभार एकेरी; मीठ इतकं घालावं लागेल, की पाणी निवळेल आणि पिता येणार नाही. नदीने आणलेली माती खाडीच्या तोंडाशी, खारं पाणी लागताच बसू लागते, त्यामागेही हेच काम चालू असतं.