दयाळाला फाल्गुन कसा कळतो?

फेब्रुवारी सरत आला की पुण्याच्या वेताळ टेकडीवरचा बदल डोळ्यांआधी कानांना जाणवतो. थंडीत जवळजवळ मुका असलेला तांबट एकदा 'टुक टुक' सुरू करतो तो थांबायचं नाव घेत नाही. डिसेंबरात फार तर एखादा खरखरीत आवाज काढून झुडपात शिरणारा दयाळ उजाडायच्या आधीच शेंड्यावर बसून लांबलचक ताना घेऊ लागतो. कोकीळही गळा मोकळा करतो आणि दरवर्षीचा प्रश्न येतो: इतके दिवस हा होता कुठे? तर इथेच. कोकीळ बारमाही रहिवासी आहे, फक्त गप्प होता.

मग त्याला बोलतं केलं कोणी? आंब्याचा मोहोर, वाढती ऊब, फुललेली काटेसावर ही उत्तरं चटकन सुचतात. पण गाणं कानी पडण्याच्या आधीच पक्ष्याच्या शरीरात उलथापालथ सुरू झालेली असते. समशीतोष्ण प्रदेशातल्या अनेक नर पक्ष्यांचे वृषण विणीच्या हंगामापर्यंत शेकडो पटींनी वाढतात. एवढी तयारी आजच्या हवेवर विसंबून करता येत नाही. हवा बेभरवशाची असते.

हे ज्याच्या मनानं घेतलं, त्या विल्यम रोवनचं नाव आपल्याकडच्या पक्षिनिरीक्षकांच्या गप्पांत क्वचितच निघतं. ते निघायला हवं. कॅनडातल्या एडमंटनमध्ये प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या रोवननं 1924 च्या हिवाळ्यात घराच्या परसात पिंजरे मांडले. आत होते चिमणीएवढे जुंको पक्षी. एका पिंजऱ्यात सूर्य मावळल्यावर विजेचे दिवे, ते रोज काही मिनिटं अधिक वेळ लावायचे. दुसऱ्यात फक्त नैसर्गिक उजेड. थंडी मात्र दोघांना सारखीच, आणि ती शून्याखाली चाळीस अंशांच्याही पलीकडे गेली. तशा कडाक्यात दिव्याखालच्या नरांचे वृषण वसंतातल्यासारखे वाढले, शेजारच्यांचे आक्रसलेलेच राहिले. ऊब नव्हे, दिवसाची लांबी! 1925 मध्ये 'नेचर'मध्ये हे प्रसिद्ध झालं. विद्यापीठाच्या वरिष्ठांना त्याच्या या उद्योगाचं फारसं कौतुक नव्हतं, हे वाचून आजही चुटपुट लागते.

पुढची गोष्ट आणखी विलक्षण आहे. हा उजेड पक्षी मोजतो कशानं? 1930 च्या दशकात फ्रान्समध्ये झाक बेन्वा यांनी बदकांवर प्रयोग केले. डोळे निकामी केलेल्या बदकांचे वृषणही लांबलेल्या उजेडात वाढले. डोक्यावर काळं आच्छादन घातलं की मात्र परिणाम ओसरला. मग त्यांनी काचमण्याच्या बारीक कांडीतून प्रकाश थेट मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसपर्यंत नेला, आणि तेवढ्यानं काम झालं. अंधारात तळहाताखाली विजेरी धरली की बोटं लाल उजळतात, तसाच दिवसाचा प्रकाश पिसं, कातडी आणि कवटीतून झिरपत आत पोचतो. म्हणजे शेंड्यावरचा दयाळ आपल्याकडे बघतो डोळ्यांनी. दिवसाची लांबी त्याच्या मेंदूच्या आत थेट मोजली जाते.

इथे शंका रास्त आहे. फेब्रुवारीअखेर एडमंटनचा दिवस रोज सुमारे चार मिनिटांनी वाढतो, पुण्याचा जेमतेम एका मिनिटानं. इतका बारीक फरक कळतो? मिखाएला हाउ आणि सहकाऱ्यांनी पनामातल्या ठिपकेवाल्या अँटबर्डवर प्रयोग करून 1998 मध्ये दाखवलं, की दिवस अवघ्या 17 मिनिटांनी लांबला तरी या पक्ष्याची जननेंद्रियं वाढू लागतात. पनामा तर पुण्यापेक्षाही विषुववृत्ताच्या जवळ. अर्थात, एकट्या उजेडावर सगळं चालत नाही. पाऊस, अन्न, जोडीदाराचं गाणं यांचाही वाटा असतो.

टेकडीवरच्या पाहुण्यांना तर याच तुटपुंज्या फरकावर हजारो किलोमीटरचा निर्णय घ्यायचा असतो. भोरड्या पांगाऱ्यावर कलकलाट करत असतात तेव्हा मध्य आशियातला गवताळ माळ त्यांच्या नजरेपलीकडे असतो. तरी एप्रिलच्या मध्यापर्यंत बहुतेक थवे निघून जातात. थिरथिराही शेपटी थरथरवत याच सुमारास नाहीसा होतो. त्यांच्या शरीरातलं वर्षाचं घड्याळही मदतीला असतं. एबरहार्ट ग्विनर यांनी गप्पीदासाचे आफ्रिकी भाऊबंद वर्षानुवर्षं सारख्याच लांबीच्या दिवसात ठेवले, तरी त्यांची पिसं झडणं आणि वीण यांचं चक्र फिरतच राहिलं.

म्हणूनच एखादा कोकीळ जानेवारीत ओरडला की 'हवामानबदलानं वसंत लवकर आला' असे मथळे घाईचे ठरतात. हवामानबदल खरा आहे, पण एका कोकिळेवरून तो सिद्ध होत नाही. त्यासाठी एकाच जागेच्या अनेक वर्षांच्या नोंदी लागतात. 2007 मध्ये सुरू झालेल्या 'मायग्रंटवॉच'नं देशभरच्या हौशी निरीक्षकांकडून स्थलांतरितांच्या तशाच नोंदी मागवल्या होत्या.

शहरात तर रोवनचे दिवे आता रस्तोरस्ती लागले आहेत. जर्मनीतल्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलं, की रात्री 0.3 लक्स इतक्या मंद उजेडात ठेवलेल्या ब्लॅकबर्ड नरांचे वृषण जवळजवळ महिनाभर आधी वाढले. वेताळ टेकडीच्या पायथ्याशी, सोसायट्यांच्या दिव्यांलगत गाणारे दयाळ आणि वर खाणीच्या अंधाऱ्या बाजूचे दयाळ यांच्या पहिल्या गाण्याच्या तारखा चार-पाच फाल्गुन शेजारी शेजारी लिहून ठेवल्या, तर इथेही असा फरक पडतो का, हे तपासायला सुरुवात होईल. त्यासाठी वही आणि पहाटेची जाग एवढंच लागतं.