कागदावर उरलेला किल्ला

एकोणिसाव्या शतकातील डच निसर्गचित्रांत एक दृश्य वारंवार आढळते. खाली संथ पाणी, काठावर विटांचा तांबूस किल्ला, पाण्यात त्याचे थरथरते प्रतिबिंब आणि अर्ध्याहून अधिक कागद व्यापणारे ढगाळ आकाश. कोपऱ्यात एखादी होडी किंवा चरणारी गुरे. जलरंगातील असे चित्र पाहताना मन निवांत होते. परंतु ही चित्रे रंगविली जात होती, तेव्हा त्यांतील किल्ल्यांचे दिवस मात्र मुळीच निवांत नव्हते.

नेदरलँड्स हा सखल प्रदेश. तेथे डोंगरही फारसे नाहीत आणि बांधकामाचा दगडही दुर्मीळ. साहजिकच तेथील बहुतेक किल्ले विटांचे, आणि कड्याकपारींऐवजी पाण्याने भरलेला खंदक हेच त्यांचे संरक्षण. तोफांच्या युगात या भिंतींचे लष्करी महत्त्व ओसरले. १७९५ मध्ये फ्रेंच सैन्याच्या पाठबळाने राज्यक्रांती झाली आणि सरदारांचे जुने हक्कही गेले. वाड्यांचा खर्च परवडेना; उलट जुन्या विटांना बाजारात किंमत होती. त्यामुळे त्या काळात अनेक किल्ले पाडून त्यांच्या विटा विकल्या गेल्या.

ॲमस्टरडॅमजवळचा माउडरस्लॉट हा किल्ला या संकटातून थोडक्यात बचावला. हॉलंडचा काउंट पाचवा फ्लोरिस याने तो १२८५च्या सुमारास फेख्त नदीच्या मुखाशी बांधला. १६०९ पासून कवी व इतिहासकार पी. सी. होफ्ट येथे अधिकारी म्हणून राहत असे. एवढा लौकिक असूनही १८२५ मध्ये पाडकामासाठी त्याची विक्री निघाली. राजा पहिला विल्यम याने हस्तक्षेप केल्याने ती टळली. पुढे १८७३ मध्ये व्हिक्टर दे स्ट्यूर्स याने एका गाजलेल्या लेखातून, आपला देश स्वतःच्या वारशाबाबत किती बेफिकीर आहे, हे परखडपणे मांडले. १८७८ मध्ये माउडरस्लॉटचे संग्रहालय झाले. १८९५ ते १९०९ या काळात वास्तुविशारद पिएर काउपर्स याने त्याला मध्ययुगीन रूप परत देण्याच्या हेतूने त्याचा जीर्णोद्धार केला. साहजिकच, त्याआधीचा किल्ला कसा दिसत होता हे जाणून घेण्यासाठी जुन्या चित्रांकडेच वळावे लागते.

तथापि या साक्षीदारांचे म्हणणे जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. तो स्वच्छंदतावादाचा काळ होता. बारेंड कॉर्नेलिस कूकूक (१८०३-१८६२) हा या काळातील नामवंत निसर्गचित्रकार. नेदरलँड्सचा राजा तेव्हा लक्झेम्बर्गचाही ग्रँड ड्यूक असे. दुसऱ्या विल्यमसाठी कूकूकने तेथील डोंगरांतील किल्ल्यांची दृश्ये रंगविली. निसर्गाचे सूक्ष्म निरीक्षण करावे, असा त्याचा आग्रह असे. परंतु अंतिम चित्र कलादालनात बसून रचले जाई. झाड हलवावे, बुरूज थोडा उंच करावा, भग्न भिंतीवर वेली चढवाव्यात, ही मोकळीक त्या काळचे चित्रकार घेत. म्हणूनच अभ्यासक असे चित्र जुने नकाशे, मोजमापे आणि अन्य रेखाटने यांच्याशी ताडून पाहतात.

माध्यमाचेही स्वतःचे नियम आहेत. जलरंग पारदर्शक असतो. रंगद्रव्य डिंकाच्या पाण्यात कालवून पातळ थर दिले जातात आणि त्यांखालचा पांढरा कागदच प्रकाशाचे काम करतो. पाण्यावरची चमक बहुधा रंगविलेली नसून कोरी सोडलेली जागा असते. किंबहुना काय रंगवू नये, हे आधीच ठरवावे लागते, कारण चुकीला दुरुस्ती फारशी नाही.

हा पातळ थरच चित्राला नाजूकही बनवितो. आकाशासाठी वापरलेली नीळ प्रकाशाने उडून जाते आणि तिच्यात मिसळलेला तांबडा रंग मागे उरतो. मग मूळचे करडे ढग गुलाबीसर दिसू लागतात. ते पाहून सायंकाळचे दृश्य समजणारा प्रेक्षक फसतो. सुदैवाने त्या काळी पुष्कळशी जलरंगचित्रे भिंतीवर न टांगता पाकिटवजा संचांत ठेवली जात. ॲमस्टरडॅममधील 'आर्टी एत आमिसिटिए' (स्थापना १८३९) आणि हेगमधील 'पुल्क्री स्टुडिओ' (१८४७) या कलासंस्थांच्या संध्याकाळच्या बैठकांत ती हातोहात फिरत. अंधारात राहिल्यानेच अनेकांचे रंग टिकले. आजही संग्रहालये अशी चित्रे सुमारे ५० लक्स इतक्या मंद उजेडात, काही महिनेच मांडतात आणि पुन्हा अंधारात ठेवतात.

माउडरस्लॉटच्या जुन्या चित्रांतील पाणी खाऱ्या झाउडरझे समुद्राचे आहे. १९३२ मध्ये बांध घालून तो समुद्र अडविण्यात आला आणि कालांतराने तेथील पाणी गोडे झाले. किल्ला आज उभा आहे. त्याच्या भिंतींना भिडणारा समुद्र मात्र उरलेला नाही. चित्रकाराने किल्ला रंगवायला घेतला होता. परंतु त्याच्या नकळत कागदावर कायमचा राहिला तो समुद्र. म्हणूनच असे चित्र समोर आले की नजर किल्ल्यावरच खिळवू नये. त्याच्याभोवतीचे पाणी आणि वरचे आकाशही तितक्याच सावकाश पाहावे.