विश्लेषण : नदीवरची रॉड समुद्रात चालते का?

एटापल्ली तालुक्यातून वाहणारी बांडिया नदी इंद्रावतीला मिळते, इंद्रावती गोदावरीला आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. गोदावरीच्या गाळातूनच काकीनाड्यासमोर होप आयलंड हा सुमारे १६ किलोमीटरचा वाळूचा पट्टा तयार झाला आहे. त्याच्या आडोशाने तिथले पाणी शांत राहते. सरळ रेषेत मोजले तर एटापल्लीहून रत्नागिरीपेक्षा काकीनाडा कितीतरी जवळ. नदीवर हौसेने मासे धरणारा सुटीत समुद्राकाठी निघाला, की प्रश्न येतो : घरची रॉड चालेल, की महागडे नवे सामान घ्यायचे? फ्लाय फिशिंग करणाऱ्याला तर तो हमखास पडतो.

फ्लाय फिशिंग वेगळे कसे?

साध्या गळाला शिसे बांधतात आणि त्या वजनाने दोरी लांब जाते. फ्लायमध्ये पिसे आणि केस गुंडाळून केलेले आमिष अगदी हलके असते, म्हणून दोरीच जाड आणि वजनदार ठेवतात. रॉडवरचा आकडा तिला पेलणाऱ्या दोरीचे वजन सांगतो. नदीला साधारण ५-६, समुद्राला ८ ते १०.

पण हा काही कायदा नव्हे. आडोशाच्या खाडीत, सकाळी वारा पडलेला असताना, लहान माशांसाठी ६ नंबरची रॉड पुरते. मोकळ्या किनाऱ्यावर मात्र वारा तिची दोरी परत तोंडावर आणून टाकतो. आमिषाचे तर उलटेच : आज समुद्रात सर्रास वापरले जाणारे ‘क्लाउझर मिनो’ हे आमिष अमेरिकेतल्या सस्क्वेहाना नदीतल्या बास माशांसाठी तयार झाले होते.

खरी अडचण कुठे येते?

जिताड्याचे उदाहरण घ्या. हा मासा खाऱ्या आणि गोड्या, दोन्ही पाण्यांत जगतो. रायगडात तो तळ्यांतही वाढवतात. त्याच्या कल्ल्याजवळची धार बारीक तंगूस सहज कापते, म्हणून गळाजवळ हातभर जाड तंगूस जोडावा लागतो. शिवाय समुद्रातला मासा लांब पळतो. नदीच्या स्वस्त रिळाला धड ब्रेक नसतो. दोरी संपली की मासाही गेला. थंड पाण्यासाठी बनवलेली फ्लायची दोरी आपल्याकडच्या उन्हात मऊ आणि चिकट होते, तेव्हा खर्च करायचाच तर आधी दोरीवर करावा.

त्याहून मोठा शत्रू मीठ. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. रॉडची कार्बनची काडी गंजत नाही; रिळाचे स्क्रू, बेअरिंग आणि साधे गळ गंजतात. अॅल्युमिनियमला पोलादाचा स्क्रू टेकलेला असेल, तर खाऱ्या पाण्यात अॅल्युमिनियम झिजू लागते. साधी स्पिनिंग रॉड वापरणाऱ्यालाही हे लागू आहे. त्याच संध्याकाळी रीळ काढून गोड्या पाण्याने हलकेच धुवावे. नळाची जोरदार धार नको, ती मीठ आत ढकलते. पूर्ण सुकल्याशिवाय पिशवीत भरू नये. एवढे केले तर नदीचे सामान बरेच टिकते.

भरतीचे काय?

नदीला पूर येतो, पण ती रोज दोनदा चढत नाही. समुद्र चढतो, आणि दुसऱ्या दिवशी साधारण ५० मिनिटे उशिरा. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती, अष्टमीच्या सुमारास भांगाची. कोकणात हा चढउतार काकीनाड्यापेक्षा मोठा असतो. मासे चांगले लागतात ते बहुधा पाणी हलत असताना, म्हणजे माणूस नेमका तेव्हाच खडकाच्या टोकाशी उभा असतो. आपण उभे असतो तो खडक उंच असतो. मागची परतीची सखल वाट आधी बुडते. भरतीची वेळ मोबाइलवर पाहावीच, पण उतरण्याआधी तिथल्या मच्छीमाराला वाट कधी बंद होते तेही विचारावे. काकीनाड्याजवळची कोरिंगाची खारफुटी हे अभयारण्य आहे, तिथे परवानगीशिवाय गळ टाकू नये.