भरतीचं गणित, ओट्यावरचं

दातिवऱ्यासारख्या किनाऱ्यावरच्या गावात गणिताचा तास अंगणातच भरतो. कोळंबीचे सारखे वाटे लावायला मुलांना बसवा. उरलेल्या दोन-तीन कोळंब्यांचं काय करायचं, यावरून भांडण झालं की भागाकारातली बाकी आपोआप कळते! भाकरीचे चार तुकडे म्हणजे पाव, अर्धा, पाऊण.

तिसरी-चौथीतल्यांसाठी जुना आडाखा: तिथीची पाऊणपट काढा, भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला 3, अष्टमीला 6. भरती रोज साधारण 48 मिनिटं पुढे सरकते, म्हणून हे जमतं. उत्तर भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून पाहा. चुकलं तर लगेच दुरुस्त करू नका, ‘कसं काढलंस?’ एवढंच विचारा.

निपुण भारत (2021) अभियानाचा भरही तिसरीपर्यंत पायाभूत वाचन आणि संख्याज्ञान पक्कं करण्यावर आहे.